फिक्स्ड-गिअर सायकल : हँडल कोणतं घ्यावं, ब्रेक कुठे लावावा?

भोपाळचा बरखेडा हा भेल वसाहतीचा भाग. १९५६ साली ‘हेवी इलेक्ट्रिकल्स’ ही सरकारी कंपनी स्थापन झाली, ब्रिटनच्या ‘असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज’च्या सहकार्याने इथे कारखाना उभा राहिला आणि १९७४ मध्ये ही कंपनी भेलमध्ये विलीन झाली. कारखान्याच्या आजूबाजूला बरखेडा, पिपलानी, गोविंदपुरा या वसाहती वसल्या. रस्ते रुंद, दोन्ही बाजूंना झाडं, चढ-उतार बेताचे. सायकलसाठी याहून चांगली जागा शहरात शोधून सापडायची नाही. महाराष्ट्रातून नोकरीसाठी आलेली मराठी कुटुंबंही याच परिसरात रुळली.

पाळीला जायची काळी, उंच, सळईच्या ब्रेकची सायकल अजूनही कुणाच्या परसात, कुणाच्या जिन्याखाली धूळ खात पडलेली असते. घरातल्या तरुण पोराच्या नजरेला ती पडली की बेत सुरू होतो. मडगार्ड काढायचे, कॅरिअर काढायचं, स्टँड काढायचं, बारीक हँडल बसवायचं आणि मागच्या चाकाला फिक्स्ड गिअर लावायचा. सायकल हलकी होते, देखणीही दिसते. पण काढून टाकलेल्या या ढिगात एक वस्तू अशी असते, की ती कोणत्या ना कोणत्या रूपात परत बसवावीच लागते. ती म्हणजे पुढचा ब्रेक. फिक्स्ड-गिअर सायकलचं हँडल निवडायचं तेसुद्धा या ब्रेकचं लिव्हर हाताखाली राहील अशा हिशोबाने.

फिक्स्ड गिअर म्हणजे नेमकं काय?

साध्या सायकलच्या मागच्या चाकावर फ्रीव्हील असतं. पायडल थांबवलं तरी चाक फिरत राहतं, टकटक आवाज येतो आणि सायकल आपल्या वेगाने पुढे जाते. फिक्स्ड गिअरमध्ये फ्रीव्हील नसतं. मागचं दातेरी चक्र थेट हबला आवळलेलं असतं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार आणि पायडल फिरतंय तोवर पाय हलवावेच लागणार. सायकलचा शोध लागल्यानंतर बरीच वर्षं सगळ्या सायकली अशाच होत्या. फ्रीव्हीलचा वापर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी-शेवटी रुळला.

या रचनेचा एक फायदा आहे. पायडलवर उलटा जोर दिला की मागचं चाक मंदावतं. इथूनच तो प्रसिद्ध युक्तिवाद जन्माला येतो : “ब्रेक कशाला? पाय आहेत की!”

पाय ब्रेकचं काम करतात, पण किती?

सायकल थांबवताना शरीराचं वजन पुढच्या चाकावर ढकललं जातं आणि मागचं चाक हलकं होतं. हलकं झालेलं चाक रस्त्याला घट्ट धरू शकत नाही, ते घसरतं. त्यामुळे मागच्या चाकाने, मग ते पायाने रोखा नाहीतर ब्रेकने, सायकल थांबवण्याची ताकद मर्यादितच राहते. पुढच्या चाकाचं उलट आहे. जितका ब्रेक लागेल तितकं वजन त्यावर येतं आणि पकड वाढते. सपाट, कोरड्या डांबरी रस्त्यावर पुढचा ब्रेक मागच्यापेक्षा साधारण दुप्पट जोराने सायकल थांबवू शकतो.

आकड्यांत पाहू. वेग ताशी २५ किलोमीटर धरा. पुढचा ब्रेक नीट वापरला तर ब्रेक लागल्यापासून सुमारे ५ मीटरमध्ये सायकल थांबते. फक्त मागच्या चाकावर भिस्त ठेवली तर त्याच वेगाला सुमारे १० मीटर लागतात. तेसुद्धा चाक घसरण्याच्या काठावर अचूक रोखता आलं तर. धोका दिसल्यापासून हात-पाय हलेपर्यंत एक सेकंद जातो असं धरलं, तर तेवढ्यात आणखी ७ मीटर गेलेले असतात. गल्लीतून चेंडूमागे धावत आलेल्या मुलासाठी हे ५ मीटरचं अंतर फार मोठं असतं.

दुसरी गोष्ट चेनची. पायाचा जोर चेनमधूनच चाकापर्यंत जातो. चेन तुटली किंवा उतरली की पायाचा ब्रेक त्याच क्षणी संपला. पुढच्या ब्रेकला चेनशी काही देणं-घेणं नसतं.

बरखेड्याचा सपाट रस्ता आणि श्यामला हिल्सचा उतार

वसाहतीत फिरताना पायावर भागतंय असं वाटू शकतं. पण भोपाळ हे तलावांचं तसंच टेकड्यांचं शहर आहे. श्यामला हिल्स, अरेरा हिल्स, ईदगाह हिल्स ही नावंच ते सांगतात. मानव संग्रहालयाच्या बाजूने मोठ्या तलावाकडे उतरणारी सायकल आणि वसाहतीतली सायकल यांचं गणित वेगळं आहे.

समजा पुढे ४८ दाते, मागे १७ दाते आणि चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर आहे. पायडलच्या एका फेरीत सायकल जवळपास ६ मीटर जाते. ताशी ३० किलोमीटरला पायांच्या मिनिटाला सुमारे ८४ फेऱ्या होतात. हे जमण्यासारखं आहे. उतारावर वेग ५० झाला तर फेऱ्या १४० होतात. फ्रीव्हील नसल्याने पाय थांबवायची सोय नाही. इतक्या वेगात फिरणाऱ्या पायांनी उलटा जोर देणं सरावलेल्या माणसालाही अवघड जातं. पाय पायडलवरून सुटला तर फिरतं पायडल पोटरीवर आदळतं आणि तो परत टेकवता येत नाही.

शंभर मीटरला ५ मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर, ताशी ४० च्या वेगाला, पुढच्या ब्रेकने थांबायला सुमारे १४ मीटर लागतात. फक्त मागच्या चाकाने सुमारे ३४. बेळगावहून गोव्याकडे उतरणारा चोर्ला घाट असो, सावंतवाडीच्या वाटेवरचा आंबोली घाट असो की मेळघाटातला चिखलदऱ्याचा रस्ता, तिथे तर हा फरक आणखी वाढतो. घाटात फिक्स्ड-गिअर न्यायचीच असेल तर पुढे-मागे दोन्ही ब्रेक हवेत.

मग शर्यतीच्या सायकलला ब्रेक का नसतो?

हा प्रश्न हमखास येतो. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा संकुलात किंवा दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये वेलोड्रोमवर पळणाऱ्या ट्रॅक सायकलींना ब्रेक नसतात. त्याचं कारण वेग वाढवणं हे नाही. वेलोड्रोमवर सगळे एकाच दिशेने जातात, समोरून कुणी येत नाही, रस्ता ओलांडणारं कुणी नसतं. अशा ठिकाणी पुढच्याने अचानक ब्रेक मारला तर मागचे सगळे त्याच्यावर येऊन पडतील. म्हणजे तिथे ब्रेक नसणं हीच सुरक्षा आहे. बाहेरच्या रस्त्यावर गाय, रिक्षा, उघडणारं गाडीचं दार, उलट्या बाजूने येणारी मोटारसायकल असं सगळंच असतं. वेलोड्रोमचा नियम इथे लागू होत नाही.

ही गोष्ट हँडल निवडताना लक्षात ठेवायची, कारण ट्रॅकसाठी बनवलेल्या हँडलवर लिव्हरसाठी जागाच ठेवलेली नसते.

हँडलचे चार प्रकार

*१. सरळ हँडल.* सगळ्यात सोपं. लिव्हर बोटांच्या अगदी समोर राहतं आणि हात सहसा एकाच जागी असल्याने ब्रेक कायम हाताशी असतो. नवशिक्यांसाठी आणि शहरातल्या गर्दीसाठी हेच चांगलं. थोडं वर उचललेलं ‘रायझर’ हँडल पाठीला आणखी बरं पडतं. मात्र गर्दीतून निसटता यावं म्हणून ते कापून फार अरुंद करण्याची फॅशन आहे, ती टाळावी. फिक्स्ड गिअरला एकच गिअर असतो. चढावर उभं राहून हँडल ओढावं लागतं आणि अरुंद हँडलवर तेवढा जोर मिळत नाही. शिवाय सायकल चटकन डावी-उजवी होते. साधारण खांद्याच्या रुंदीपेक्षा कमी करू नये. कापण्याआधी ग्रिप, लिव्हर आणि हाताचा पंजा या तिन्हींना जागा उरते का, ते मोजून पाहावं.

*२. शिंगाचं हँडल.* बैलाच्या शिंगांसारखं पुढे आणि किंचित वर गेलेलं, म्हणून इंग्रजीत त्याला ‘बुलहॉर्न’ म्हणतात. चढावर शिंगं धरून जोर लावता येतो, म्हणून फिक्स्ड-गिअरवाल्यांचं हे लाडकं हँडल. अडचण अशी की हात दोन जागी जातो, मधल्या सरळ भागावर आणि शिंगांच्या टोकावर. वेगात असताना हात टोकाला असतात, म्हणून लिव्हर तिथेच हवं. त्यासाठी नळीच्या तोंडात बसणारं, टोकाकडून मागे वळलेलं लिव्हर मिळतं. मधल्या भागावर एकच लिव्हर लावून भागवलं तर ऐनवेळी हात शिंगावरून आत आणण्यात वेळ जातो.

*३. रोड ड्रॉप हँडल.* खाली वळलेलं, शर्यतीच्या सायकलसारखं. याचं लिव्हर वळणावर बसतं आणि त्याच्या रबरी माथ्यावर पंजा टेकवता येतो. वर माथ्यावर हात असो की खाली वळणात, बोटं लिव्हरपर्यंत पोचतात. लांब पल्ल्यासाठी हे उत्तम. मात्र मधल्या आडव्या भागावर हात ठेवला तर लिव्हर दूर राहतं. तिथेही ब्रेक हवा असेल तर केबलच्या मध्ये बसणारं जोडलिव्हर मिळतं. एकाच केबलला दोन ठिकाणांहून ओढ देता येते.

*४. ट्रॅक ड्रॉप हँडल.* दिसायला सगळ्यात ऐटबाज आणि रस्त्यासाठी सगळ्यात गैरसोयीचं. याचे खांदे एकदम उताराने खाली जातात. रोड लिव्हर बसवलं तर ते तिरपं बसतं आणि माथ्यावर पंजा नीट टेकत नाही. धरण्याची जागा एकच, अगदी खाली. रस्त्यावर मान वर करून पुढे पाहत राहावं लागतं आणि अर्ध्या तासात मान-पाठ दुखायला लागते. मग हात वर जातात, ब्रेक खालीच राहतो. हे हँडल वेलोड्रोमवरच शोभतं.

कोणतंही हँडल असो, नळीची उघडी तोंडं बूच लावून बंद करावीत. पडताना उघडी नळी मांडीत किंवा पोटात घुसते.

लिव्हर घेताना काय पाहायचं?

*हँडलची जाडी.* सरळ हँडलची लिव्हरं २२.२ मिलिमीटर नळीवर बसतात, ड्रॉप हँडलची २३.८ मिलिमीटरवर. एकाचं लिव्हर दुसऱ्यावर पत्र्याचा तुकडा घालून बसवण्याचा जुगाड करू नये. जोरात दाबल्यावर ते गर्रकन फिरतं.

*केबल किती ओढली जाते.* ही चूक फार होते. रोड सायकलचं लिव्हर केबल कमी ओढतं, ते कॅलिपर ब्रेकसाठी असतं. व्ही-ब्रेकला जास्त केबल ओढणारं लिव्हर लागतं. रोड लिव्हरला व्ही-ब्रेक जोडला तर लिव्हर हँडलला टेकतं तरी ब्रेक पुरता लागत नाही. उलट जोडणी केली तर लिव्हर घट्ट वाटतं आणि दाबून दाबून हात दुखतो. दुकानात “बसतं का?” एवढंच विचारू नका. “या ब्रेकला हेच लिव्हर चालतं का?” असं विचारा.

*हाताचा आकार.* हँडल धरूनच पहिली दोन बोटं लिव्हरवर आरामात पोचली पाहिजेत. लहान हातांसाठी बऱ्याच लिव्हरांना अंतर कमी करण्याचा छोटा स्क्रू असतो. घरातली मुलगी किंवा धाकटा भाऊही तीच सायकल चालवणार असेल तर त्यांच्या हाताने तपासावं.

*कोणत्या हाताला?* एकच ब्रेक असेल तर उजव्या हाताला, पुढच्या चाकाचा. आपल्याकडच्या मोटारसायकलींना पुढचा ब्रेक उजवीकडेच असतो, त्यामुळे घाईत हात चुकत नाही.

*केबलची लांबी.* हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून पाहावं. केबल ताणली गेली तर वळताना ब्रेक आपोआप लागतो.

जुन्या काळ्या सायकलची वेगळी अडचण

इथे बरखेड्याच्या परसातल्या सायकलकडे परत येऊ. सळईच्या ब्रेकमध्ये रबर रिमला बाजूने नाही, तर आतल्या अंगाने, आऱ्यांच्या बाजूने घासतं. त्यामुळे त्या रिमच्या कडा गोलसर असतात. नव्या कॅलिपर ब्रेकला लागणारी सपाट बाजू त्यांना नसते. म्हणजे जुनं हँडल काढलं की सळईचे ब्रेक जातात आणि त्या जागी केबलचा ब्रेक बसतही नाही. बिनब्रेकच्या कितीतरी सायकली हौसेने नाही, तर या अडचणीपोटी तयार होतात.

यावर तीन मार्ग आहेत. पहिला, जुनं हँडल आणि पुढचा सळईचा ब्रेक तसाच ठेवायचा. हे मागे वळलेलं हँडल आरामशीर असतं, त्यात कमीपणा काही नाही. दुसरा, पुढचं चाक बदलून सपाट बाजूची अ‍ॅल्युमिनियम रिम घ्यायची आणि चिमट्याच्या माथ्यावरच्या भोकात कॅलिपर बसवायचा. जुनं २८ इंची चाक काढून ७०० चं चाक घातलं तर रिम साडेसहा मिलिमीटर खाली जाते, म्हणून लांब हाताचा कॅलिपर मागावा. तिसरा, हबमध्येच ड्रम ब्रेक असलेलं पुढचं चाक बसवायचं.

मागच्या हबची गोष्टही धोक्याची आहे. खऱ्या फिक्स्ड हबवर चक्रानंतर उलट्या आट्यांची लॉकरिंग बसते. फ्रीव्हीलच्या साध्या हबवर नुसतं चक्र आवळलं तर पायाने उलटा जोर दिल्यावर ते सुटू शकतं, म्हणजे ज्याच्यावर भिस्त तेच निसटतं. बाजारात ‘फ्लिप-फ्लॉप’ हबही मिळतो. त्याच्या एका बाजूला फिक्स्ड चक्र बसतं, दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील. चाक उलटं करून फ्रीव्हील वापरायचं ठरवलं तर पायाचा ब्रेक उरत नाही, तेव्हा मागचा ब्रेकही हवाच.

पावसाळ्याचं एक वेगळं. क्रोमचा मुलामा दिलेली पोलादी रिम ओली झाली की रबर तिच्यावरून सरकतं आणि थांबायचं अंतर खूप वाढतं. अ‍ॅल्युमिनियमची रिम पावसात बरीच बरी. श्रावणातल्या झडीत सायकल रोज वापरणाऱ्याने रिम बदलण्याचा खर्च आधी करावा, हँडलचा नंतर.

“पुढचा ब्रेक मारला की सायकल उलटते”

लहानपणापासून ऐकलेलं हे वाक्य अर्धं खरं आहे. शरीर पुढे झुकलेलं असताना लिव्हर एकदम करकचून दाबलं तर मागचं चाक उचलतं. उपाय सोपा आहे. कोपर किंचित वाकवून हातांनी स्वतःला मागे रेटायचं, बूड सीटवर मागे सरकवायचं आणि लिव्हर दाबत न्यायचं, झटका द्यायचा नाही. त्याच वेळी पायांनी उलटा जोर द्यायचा. फिक्स्ड गिअरचा खरा आनंद हाच आहे की दोन्ही चाकं दोन वेगळ्या मार्गांनी काबूत राहतात. वसाहतीतल्या मोकळ्या रस्त्यावर सकाळी लवकर, आधी कमी वेगात आणि मग वाढवत, हा सराव आठवडाभर करावा.

बाहेरच्या देशांत काय?

ब्रिटनमध्ये १९८३ च्या नियमांनुसार रस्त्यावरच्या सायकलला दोन स्वतंत्र ब्रेक लागतात. फिक्स्ड चाक त्यांपैकी एक धरलं जातं, पण पुढचा ब्रेक सक्तीचाच. २०१६ साली लंडनमध्ये पुढचा ब्रेक नसलेल्या फिक्स्ड-गिअर सायकलच्या धडकेत रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेचा मृत्यू झाला. सायकलस्वाराला २०१७ मध्ये १८ महिन्यांची शिक्षा झाली. जर्मनी आणि जपानमध्येही बिनब्रेकची सायकल रस्त्यावर आणणं बेकायदा आहे. ब्रेक काढणारा फक्त स्वतःचा जीव धोक्यात घालत नाही, हे या प्रकरणात दिसलं.

रस्त्यावर निघण्याआधी

१. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला. मागचं चाक उचललं पाहिजे. नाही उचललं तर ब्रेक कमजोर आहे.

२. लिव्हर पूर्ण दाबल्यावर हँडलपासून बोटभर तरी अंतर राहायला हवं.

३. हँडल आणि स्टेमचे बोल्ट आवळलेले आहेत का, पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळून पाहा.

४. चेन मधोमध दाबली तर सुमारे एक सेंटिमीटर हलावी. जास्त सैल चेन उतरते आणि फिक्स्ड गिअरवर उतरलेली चेन मागचं चाक जाम करू शकते.

५. पायडलला पट्टे असावेत, पाय सुटता कामा नये. बुटाची नाडी आणि सैल पायघोळ चेनपासून दूर ठेवा.

६. हात ज्या-ज्या जागी ठेवून तुम्ही सायकल चालवता, त्या प्रत्येक जागेवरून लिव्हर एका क्षणात हाताला लागतं का, ते पाहा. लागत नसेल तर हँडल बदला, नाहीतर लिव्हर हलवा.

यातली सहावी गोष्ट पटली तर बाकीची निवड आपोआप होते. हँडल सरळ घ्या, शिंगाचं घ्या की आजोबांचं जुनं वळलेलं ठेवा, ज्याची त्याची आवड. ब्रेक मात्र आवडीवर सोडायचा नाही.